पाळण्यातलं दुपटं

माझ्या हातची गोधडी आमच्या गावात घरोघरी चालते. म्हाताऱ्याच्या खाटंवर चालते, बाळंतिणीच्या बाजंवर चालते, पाहुणा मुक्कामी राहिला की त्याच्या अंगावर टाकायला तर हमखास चालते. चालत नाही ती फक्त पाळण्यात. का, तर माझा नवरा वारला म्हणून. आता ह्याला काय म्हणावं! सुई माझी, दोरा माझा, डोळे माझे जातात, आणि हिशेब मागायचा तो मेलेल्या माणसाच्या नावानं.

आमचं गाव भूम तालुक्यातलं, ईटच्या अलीकडचं. ते सासर. माहेर माझं तेरखेड्याचं, फटाक्याच्या गावची मी. माझी आई दिवसभर शेडमध्ये बसून फटाक्याच्या नळ्या वळायची आणि घरी आली की गोधडीला बसायची. बोटांना बारीक कामाची सवय, त्यामुळं तिचा टाका शोधावा लागायचा. तिच्या हाताखाली मी शिकले. लग्न होऊन इकडं आले तर आमचे मालक चारचौघांत चिडवायचे, "हिच्याजवळ काडी वढू नका रं, तेरखेड्याचा माल हाय." मी म्हणायचे, "मग लांब बसा की! कुणी बोलवलंय?" लांब काही कधी बसले नाहीत.

गोधडी शिवायची आईची रीत अशी. जुनं लुगडं अंगणात अंथरायचं, चार कोपऱ्यांवर दगड ठेवायचे, वर जुन्या कपड्यांचे तुकडे मांडायचे आणि कडेकडेनं धावदोरा घालत आत आत सरकायचं. शेवटी मधोमध तळहाताएवढी जागा उरते. ते गोधडीचं पोट. पोट बंद करायच्या आधी चिमूटभर ज्वारी चिंधीच्या पुडीत बांधून आत ठेवायची आणि मगच गाठ मारायची. "गोधडी उपाशी ठिवली तर पांघरणारा बी उपाशी निजतोय," असं आई म्हणायची. कुणी भाकरीचा तुकडा घालतात, पण भाकरीच्या वासानं उंदीर येतो आणि पुन्हा शिवत बसायची पाळी आपल्यावरच. ज्वारी बरी. आता हे सगळं कुणी करत नाही. मशीनवर शिवणाऱ्या बायांना तर गोधडीला पोट असतं हेच ठाऊक नाही. मी करते. माझ्या हातून एकही गोधडी उपाशी गेलेली नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगते.

आमचे मालक एसटीत कंडक्टर होते. सुट्टीच्या दिवशी मी अंगणात गोधडी घेऊन बसले की पेपर घेऊन शेजारी बसायचे. मदत शून्य. पण मी शेवटची गाठ मारून दोरा तोडला की पेपरातनं मान वर न काढता म्हणायचे, "टिंग टिंग. चला, जाऊ द्या." डबल बेल दिल्याशिवाय माझी गोधडी कधी सुटली नाही. मला वरवर राग यायचा, पण ती बेल ऐकल्याशिवाय काम झाल्यासारखं वाटायचं नाही हेही खरं.

एके दिवशी ड्युटीवरून आले, हातपाय धुतले, चहा टाक म्हणाले. चहाला उकळी यायच्या आत गेले. लेक तेव्हा कॉलेजात होती, एकुलती एक.

दहावं झालं आणि माझ्या थोरल्या जाऊबाई, आम्ही सगळे त्यांना अक्का म्हणतो, अंगण ओलांडून आल्या. त्यांचं घर समोरच, एकाच अंगणाच्या दोन कडांना आम्ही दोघी. म्हणाल्या, "कापडं वाटून टाक आता. मेल्या माणसाचं कापड घरात ठिवू नये. जीव आडकतोय त्यात."

शर्ट दिले, स्वेटर दिला, चपला दिल्या. खाकी दिली नाही. खाकी कुणाला द्यायची? ती अंगात घालून दुसराच माणूस माझ्या दारावरून गेला असता तर मला सोसलं असतं का? मी ते सगळे ड्रेस पेटीत घालून कुलूप लावलं.

"जीव आडकतोय म्हणलं तुला," अक्का म्हणाल्या.

"आडकू द्या. गाडीत बी दिसभर दांडीला धरूनच हुबे आसायचे. सवय हाय त्यांला."

अक्कांनी कपाळावर हात मारला आणि गेल्या. मी दार लावलं आणि पेटीवर डोकं ठेवून पोटभर रडले. ते त्यांना दाखवायचं नव्हतं.

त्यानंतर पहिली गोधडी शिवली ती शेजारच्या घराची. विधवेकडं काम द्यायला कुणाचा हात अडला नाही बघा. उलट म्हणाले, बरं झालं, तेवढाच जीव रमेल. बोचकी येऊन पडली. ती गोधडी पोटापर्यंत आली, ज्वारी घेतली, पुडीला चिंधी शोधायला लागले. समोर पेटी. काय मनात आलं कुणास ठाऊक, कुलूप काढलं, खाकी पँटीच्या मोहरीचा एक तुकडा कापला आणि त्यात ज्वारी बांधली. पुडी आत, टाका वर, गाठ. मग माझी मीच म्हणाले, "टिंग टिंग." घरात कुणी नव्हतं, नाहीतर म्हणाले असते बाई कामातनं गेली.

तेव्हापासून माझ्या हातून गेलेल्या प्रत्येक गोधडीच्या पोटात आमचे मालक आहेत. हे मी कुणाला सांगितलं नाही. लपवायचं म्हणून नाही. कुणी विचारलंच नाही.

पुढं भूमच्या बाजारपेठेतला एक दुकानदार गिऱ्हाईक म्हणून भेटला. हाताच्या गोधड्यांना आता शहरात भाव आलाय म्हणे. तो कापड द्यायचा, मी गोधड्या आणि दुपटी शिवून पोचवायचे. दुपटं म्हणजे बाळाची धाकटी गोधडी, आमच्याकडं तान्ह्याच्या खाली-वर तीच असते. तो ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून दुकानाच्या दारावर टांगायचा. गिऱ्हाइकाला काय सांगून विकायचा, ते मला माहीत नव्हतं. माझ्या हातून गेलं की माझं काम संपलं. माझा माल भूमला जातो एवढं अक्कांना ठाऊक, कुठल्या दुकानात जातो ते नाही.

मग लेकीचं लग्न झालं. दिलं तिला तुळजापूर तालुक्यात, तामलवाडीकडं. शेती आहे, जावई नोकरीला आहेत, माणसं चांगली. पहिल्या खेपेला सातव्या महिन्यात ती माहेरी आली आणि मी त्याच आठवड्यात दुपटं मांडलं.

ते दुपटं कसं होतं ते सांगितलंच पाहिजे. खाली माझं इरकली लुगडं, धुवून धुवून लोण्यासारखं मऊ झालेलं. वर लेकीच्या शाळेतल्या फ्रॉकचे तुकडे, तिच्या आजीच्या चोळीचा खण. आणि मधोमध, उघड्यावर, सगळ्यांना दिसेल असा खाकी शर्टाचा खिसा. अख्खा, झाकणासकट. पुडीत लपवलेली चिंधी दुसऱ्यांच्या लेकरांना. माझ्या नातवंडाला आजोबाचा खिसाच द्यायचा असं मी ठरवलं होतं. मोठं झालं की त्यात गोळ्या भरेल, खडे भरेल. त्यांच्याही खिशात सुट्ट्या पैशांबरोबर गोळ्या असायच्या, गाडीत पोरं रडायला लागली की द्यायला.

अक्का एक दिवस कोथिंबीर मागायला आल्या आणि त्यांनी ते बघितलं.

"आगं ए! डोस्कं ठिकाणावर हाय का तुजं? पहिलं लेकरू, आन् पाळण्यात मेल्या माणसाचं कापड? आन् त्येच्यावर टाका तुजा?"

"टाका माझाच आसतोय, अक्का. तुमच्या पलंगावर हाय ती गोधडी कुणी शिवली?"

"त्ये येगळं."

"काय येगळं?"

"पाळण्याचं येगळं आसतंय. तिथं सवाष्णीचा हात लागतोय. तुला काय सांगायचं, तू काय लहान हायेस?"

लहान नव्हते, म्हणून तर राग आला. त्यांच्या पलंगाला माझा हात चालतो, थंडीत त्यांच्या गुडघ्यांना चालतो, आणि जे लेकरू माझ्या पोटच्या पोरीच्या पोटातनं येणार त्यालाच तेवढा बाधतो! मी म्हणाले, "अक्का, सवाष्णीचा हात लागतोय तर मग तुम्ही शिवा." अक्कांना शर्टाचं बटण लावता येत नाही. सगळा जन्म माझ्याकडंच बटणं घेऊन आल्यात. कोथिंबीर मात्र न विसरता घेऊन गेल्या.

दोन दिवसांनी विहीणबाईंचा फोन आला. आवाज गोड, माणूस वाईट नाही. इकडचं तिकडचं झालं आणि मग म्हणाल्या, "त्ये पाळण्यातल्या दुपट्याचं कळलं मला. राग नका मानू, पर आमच्याकडं बी तशीच पद्धत हाय. सवाष्णीच्या हातचं लागतंय. तुमच्या जाऊबाई आणते म्हनल्यात इकत." म्हणजे अक्कांनी आधीच तिकडं काडी लावली होती. फटाक्याच्या गावची मी, आणि पेटवत ह्या सुटल्या!

मी लेकीकडं बघितलं. ती बाजेवर बसली होती, सगळं ऐकत होती. मला वाटलं, आता ही बोलेल. बापाची जीभ घेऊन जन्मलेली पोर, कॉलेजात वक्तृत्वाचे कप आणलेले. ती हळूच म्हणाली, "आई, एका दिवसाचा तर प्रश्न आहे. बारसं होऊ दे त्यांच्या मनासारखं. मग तुझंच घालीन ना रोज."

अक्कांच्या सगळ्या बोलण्यानं लागलं नव्हतं ते ह्या एका वाक्यानं लागलं. तिचं चूक नव्हतं, तिला तिकडं नांदायचंय हे मलाही कळतं. पण मी म्हणाले, "बाई, प्रश्न एका दिवसाचा न्हाई. त्या एका दिवशी जी आजी चालत न्हाई, ती दुसऱ्या दिवशी कशी चालंल? आज पाळण्यातनं काढशील, उद्या मुंजीतनं काढतील, परवा लग्नाच्या मांडवातनं. मी काय जन्मभर सैपाकघरातनंच नातू बघायचा का?"

ती डोळे पुसत बसली. तिला त्या अवस्थेत रडवलं म्हणून मला आणखीच संताप आला, सगळ्या जगाचा. आणि मग मी मनाशी ठरवून टाकलं. लेकराच्या अंगावर घालायचं का नाही, ते लेकीनं ठरवावं, तिचं लेकरू आहे. शिवायचं का नाही, ते मी ठरवणार. दुपटं पुरं केलं. पोटात ज्वारी घातली, खिसा बरोबर त्याच्यावर बसवला, आणि घडी करून पेटीत ठेवून दिलं.

लेकीला मुलगा झाला. गोरा नाही, सावळा, आणि कपाळावर आठ्या घालून जन्मलेला. बघितल्या बघितल्या मी म्हणाले, हे तिकीट मागणार.

बारसं आमच्याच घरी. आदल्या दिवशी अक्का भूमला जाऊन आल्या आणि प्लास्टिकच्या पिशवीतलं दुपटं पदराखाली धरून माझ्यासमोरनं घेऊन गेल्या. माझी नजर पडू नये म्हणून. वर ऐकवलं, "पाच सवाष्णींनी मिळून शिवलेलं हाय. गाणी म्हणत शिवत्यात त्या. दुकानदारानं देवाच्या फोटोला हात लावून सांगितलंय." मी म्हणाले, "बरं बाई, लावू दे." कणीक मळत होते, अशी मळली की परात वाजली.

बारशाच्या दिवशी घर बायांनी भरलं. पाळणा फुगे लावून सजवला होता, पोरी मोबाईल घेऊन फोटो काढत होत्या. अक्का नऊवारी नेसून पाळण्याच्या उशाशी, मालकीण असल्यासारख्या. विहीणबाई पायथ्याशी. आणि मी? माझं घर, माझी लेक, माझा नातू, आणि मी गॅसपाशी घुगऱ्या ढवळत. कुणी मला आत बस म्हणून सांगितलं नव्हतं बरं का. सांगायची गरजच नसते. एखादी म्हणते, "तुमी घुगऱ्याकडं बगा, आमी हितलं बगतो," आणि झालं काम. दरवेळी असंच होतं. हळदीला असंच, डोहाळजेवणाला असंच. आतापर्यंत मी गेलेही होते मुकाट्यानं.

घुगऱ्या झाल्या. परातीत काढल्या आणि बाहेर आले. तेव्हाच अक्कांनी दुपटं पिशवीतनं काढून पाळण्यात अंथरलं होतं आणि बाया वाकून वाकून बघत होत्या.

"काय बारीक टाका हाय गं!"

"मशीनला बी जमायचा न्हाई."

"सवाष्णीचा हात तो सवाष्णीचा," अक्का म्हणाल्या, ते माझ्याकडं बघूनच.

मी बघितलं. पिवळी कड. आत हिरवे तुकडे. कोपऱ्यावर दोरा वळवताना एक टाका उलटा घेतलेला. ही माझ्या आईची खोड, तेरखेड्याची, भूममध्ये दुसऱ्या कुणाला नाही. पावसाळ्यात माझ्याच ओसरीवर बसून मी ते शिवलं होतं. पिवळं कापड कमी पडलं म्हणून दुकानदाराशी भांडलेही होते.

मला जे हसू फुटलं ते आवरेना. परात हलायला लागली, घुगऱ्या सांडल्या.

"काय झालं गं दात काढायला?" अक्का.

"काय न्हाई. बगू तरी पाच सवाष्णींचं काम." मी परात खाली ठेवली आणि पुढं झाले.

"हात लावू नगंस!"

"लावून झालाय, अक्का. ह्ये दुपटं मी शिवलंय."

सगळ्या एकदम बोलायला लागल्या. अक्कांचा चेहरा उतरला, पण जीभ नाही उतरली. "उचलली जीभ लावली टाळ्याला! काय बी बोलती. त्यो दुकानदार शपथ घिऊन..."

"त्यो शपथ घिऊन आंबलेलं दही बी गोड म्हणून इकंल. मला इच्यारा ना. ह्याचं पोट उसवा. मधोमध ज्वारीची पुडी हाय. पुडीचं कापड खाकी हाय. न्हाई निघाली तर ह्या जल्मात पुन्हा सुई हातात धरणार न्हाई, समद्यांच्या म्होरं सांगते."

अक्का जागच्या हलल्या नाहीत. मी कमरेची छोटी कातर काढली आणि विहीणबाईंच्या हातात दिली. त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा दुपट्याकडं. मग खाली बसल्या आणि मधला टाका कापला. दोन बोटं आत घातली. पुडी बाहेर आली.

खाकी. तीच. मी बांधलेली गाठसुद्धा तशीच होती.

"खाकी कशाची?" विहीणबाईंनी विचारलं.

"ह्यांच्या ड्रेसची," मी म्हणाले. "गेल्यापासनं माझ्या परत्येक गोधडीत हाय."

"आगं बाई गं!" अक्का एकदम मागं सरकल्या. "मेल्या माणसाचं! टाकून द्या त्ये आधी! भाईर टाका!"

"टाका की!" आता मला कुणी अडवणार नव्हतं. "पर एकटंच कशाला टाकता? सरपंचाच्या नातीचं बी टाका, त्याच दुकानातलं हाय. पुजाऱ्याच्या घरचं टाका. आन् अक्का, तुमच्या नातवाचं दुपटं कुठनं आणलं हुतं? उसवा घरी जाऊन, त्यात बी तुमचा दीरच निघंल. कुणाचं वाईट झालं? बोला ना. आता का दातखीळ बसली? माझ्या हातची ऊब समद्या गावाला पायजे, आन् हात तेवढा नको. मेलेला माणूस जल्मभर लोकांच्या लेकरांला गोळ्या वाटत गेला, आन् त्येच्या चिंधीचा तुमाला इटाळ! लाज वाटू द्या जरा."

फोटो काढणाऱ्या पोरींनी मोबाईल खाली केले.

विहीणबाईंनी पुडी सोडली. ज्वारीचे दाणे तळहातावर घेतले. "आन् ह्ये कशाला?"

मी आईचं म्हणणं सांगितलं. शेतातली बाई ती, दाण्याकडं बघत राहिली. मग दाणे परत खाकीत बांधले आणि दुपट्यासकट माझ्यापुढं धरले. "शिवून द्या. लेकरू उपाशी नगं निजायला."

मी कमरेची सुई काढली. तिथंच, पाळण्याशेजारी, सगळ्या सवाष्णींच्या समोर बसून दोरा ओवायला लागले. तर लेक म्हणाली, "आई, ते राहू दे."

म्हटलं, झालं. एवढं सगळं करून ही त्यांच्याच बाजूला.

"ते दुकानातलं राहू दे," ती म्हणाली. "पेटीतलं आण."

मी उठले कशी आणि पेटी उघडली कशी ते मला आठवत नाही. दुपटं आणलं. लेकीनं आपल्या हातानं पाळण्यातलं सगळं बाजूला केलं आणि ते अंथरलं, खिसा बरोबर मधोमध. कुणीतरी मागनं "आगं, खिसा हाय!" म्हणालं. कुणी हसलं नाही.

मग बाळाला पाळण्यात घालायची वेळ आली. पाळण्याच्या दोन बाजूंना दोघी उभ्या राहतात, आणि "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या" म्हणत बाळाला खालून-वरून एकमेकींच्या हातात देतात. एका बाजूला लेक बाळ घेऊन उभी. समोर अक्का हात पुढं करून तयार. लेकीनं अक्कांकडं बघितलं आणि अगदी बापाच्या आवाजात, गाडी भरल्यावर ते म्हणायचे तसं, म्हणाली, "अक्का, जरा पुढं सरका."

अक्का सरकल्या. भरल्या गाडीत माणूस सरकतो तशाच सरकल्या, का आणि कुठं ते न विचारता.

मी समोर जाऊन उभी राहिले. "कुणी गोविंद घ्या," लेक म्हणाली, आणि पाळण्याखालून माझा नातू माझ्या हातात दिला. मी घेतला. किती वजन होतं त्याचं! "कुणी गोपाळ घ्या," मी म्हणाले आणि वरून परत दिला. रडले का? रडले. घळाघळा रडले, आणि ह्या वेळी सगळ्यांना दाखवून रडले.

अक्का घुगऱ्या न खाता गेल्या. कित्येक दिवस अंगणाच्या दोन कडांवरनं आम्ही एकमेकींकडं बघितलं नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, त्यांचाही आणि माझाही.

मग एक दिवस दुपारी त्या अंगण ओलांडून आल्या. पदराखाली काहीतरी होतं. माझ्यापुढं टाकलं. त्यांच्या नातवाचं दुपटं, जुनं, विटलेलं. मधोमध पोट उसवलेलं होतं आणि पुन्हा काळ्या जाड दोऱ्यानं कसंबसं गुंडाळून शिवलेलं. असा टाका घालणारी बाई आमच्या गावात एकच आहे.

"टाका वाकडा पडलाय," त्या म्हणाल्या. "नीट करून दे."

"सवाष्णीच्या हातचा हाय, अक्का. वाकडा कसा पडंल?"

"मुडदा बशिवला तुजा. देतीस का न्हाई?"

मी दुपटं मांडीवर घेतलं आणि पोटावर बोटं दाबली. पुडी आत होती. उसवून बघितली होती, आणि परत ठेवून शिवली होती. टाकली नव्हती. लग्न होऊन त्या ह्या घरात आल्या तेव्हा आमचे मालक शाळेत जात होते, त्यांचा डबा ह्याच बाईनं भरलेला. हा विचार मी त्या दिवशी पहिल्यांदा केला.

पण तेवढ्यावर मी काही विरघळले नाही. म्हणाले, "हितं बसा. कड धरा ताणून. मी एकटीनं करणार न्हाई." त्या कुरकुरत बसल्या. मी काळा दोरा काढला आणि बारीक टाका घालत गेले.

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "खाकी किती उरली गं?"

"एका पँटीचा पाय."

"मग? संपल्यावर काय घालशील?"

"माझं लुगडं हाय की," मी म्हणाले. "रांडमुंडीचं. परत्येक पुडीत घालणार. जा, सांगा समद्या गावाला."

अक्का गेल्या नाहीत. दुपट्याची कड दोन्ही हातांनी घट्ट धरून बसून राहिल्या, मी गाठ मारीपर्यंत.